एकोणीस नंबरची कुंडी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या इमारतीत रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेवीस वर्षं मी अर्क काढायच्या खोलीत काम करते. पानं वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळायची, आटवायची. मग काचेच्या उंच नळीत सिलिका भरायची आणि त्या काळपट चिकट अर्कातून एकेक पदार्थ वेगळा करायचा. त्या नळीला आम्ही कॉलम म्हणतो. कॉलम भरायला हात लागतो. आत एक बुडबुडा राहिला तरी आठवड्याची मेहनत वाया जाते. माझ्या कॉलममध्ये बुडबुडा राहत नाही. आमच्याकडून डॉक्टरेट घेऊन गेलेल्या अकरा जणांपैकी नऊ जणांचे कॉलम मी भरलेत आणि त्यांतल्या एकाच्याही प्रबंधात माझं नाव नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे.

भाची माझ्याकडे राहायला आली तेव्हा मात्र मला बरं वाटलं होतं. थोरल्या बहिणीची मुलगी, हुशार, जराशी आगाऊ, सकाळी उठल्या उठल्या बोलायला लागणारी. माझं घर दोन खोल्यांचं. त्यातली उजेडाची खोली मी तिला दिली आणि स्वतः स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत खाट टाकली. प्रयोगशाळेच्या साहेबांच्या हाताखाली तिला डॉक्टरेटसाठी रानमिरीवर काम मिळालं होतं. आपण खातो ती मिरी एकच. तिची भावंडं मात्र जंगलात डझनांनी आहेत. त्यांना कुणी विचारत नाही, कारण दाणे बारीक आणि चव कडू. पण ज्या वेलीला कुणी खत घालत नाही, औषध मारत नाही, ती स्वतःला जगवायला पानात काय काय साठवते, ते शोधायचं हे तिचं काम. रानातून वेली आणायच्या, त्यांना नंबर द्यायचे, अर्क काढायचा आणि तो बशीतल्या जंतांवर टाकून बघायचं. मेंढ्यांच्या पोटातले जंत. त्यांच्यावर जुनी औषधं चालेनाशी झाली होती.

तीन वर्षं काही हाती लागलं नाही. चौथ्या वर्षी खडीच्या खाणीशेजारच्या उतारावर तिला एकोणीस नंबरची वेल सापडली. पान चावलं आणि संध्याकाळपर्यंत ओठ बधिर. "मावशी, मला शीळ घालता येत नाहीये," असं म्हणत ती घरभर हसत फिरत होती. त्या वेलीच्या अर्कातून माझ्या कॉलममधून एकतिसावा अंश, म्हणजे एकतिसावी बाटली, उतरला तेव्हा रात्रीचा नव्हे, चांगला दुपारचा बाराचा सुमार होता, खिडकीतून ऊन येत होतं आणि बाटलीच्या तळाशी सुयांसारखे स्फटिक धरले होते. ओल्या पाटीचा वास होता त्यांना. त्यातला कणभर बशीत टाकला आणि चार मिनिटांत सगळे जंत थांबले. भाचीने मला मिठी मारली. इतक्या वर्षांत त्या खोलीत मला कुणी मिठी मारली नव्हती.

पण हा आनंद तीन मिलिग्रॅमचा होता. तेवढं सगळं मोजमापातच संपलं. शोधपत्रिकेला निबंध पाठवला, तर तपासणाऱ्यांनी कळवलं की पदार्थ पुन्हा काढा, पाच मिलिग्रॅम, अजून एक मोजणी करून दाखवा, मग छापू. निबंध छापल्याशिवाय साहेब प्रबंधावर सही करत नाहीत, हा त्यांचा नियम. आणि तिची मुदत वर्षअखेर संपत होती. सहा वर्षं एका बाजूला आणि पाच मिलिग्रॅम दुसऱ्या बाजूला, असा हिशेब होता.

ती उताराकडे धावली, तर उतारच नव्हता. खाण तेवढी पुढे सरकली होती. संग्रहात कागदावर चिकटवलेला वाळका नमुना होता, पण कीड लागू नये म्हणून त्याला विष चोपडलेलं; तो कॉलममध्ये घालून उपयोग नाही. सुदैवाने पहिल्या फेरीत तिने पाच फांद्या आणून ठेवल्या होत्या. चार कुजल्या. पाचवी कशीबशी तगली होती, पण तिला धड मुळं फुटेनात, म्हणून उतारावरून परतल्यावर तिने ती साध्या मिरवेलीच्या खुंटावर स्वतःच्या हाताने कलम करून बांधली. ते कलम जगलं. म्हणजे एकोणीस नंबरची वेल आता जगात एकाच ठिकाणी होती, आमच्या शेडनेटमधल्या एका मातीच्या कुंडीत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिरीचं कलम सगळीकडे नेमकं उलटं बांधतात. खाली रानवेलीचा खुंट, कारण तो कुजत नाही, आणि वर चांगली मिरी. सांध्याच्या खालून जे फुटेल ते रान, ते नखाने खुडायचं. आमच्या माळीकाकांनी चाळीस वर्षं हेच केलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून जाड झालंय, ते याच कामाने. निवृत्त झाले तरी साहेब दर वर्षी त्यांना पुढच्या वर्षासाठी ठेवून घेत, कारण त्यांच्या हातचं रोप मरत नसे. भाचीच्या कुंडीत मात्र खाली साधी मिरी आणि वर रान होतं. आणि ते कलम तिने बांधलं तेव्हा काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लांबलचक रजेवर होते.

कुंडीवर लिहिलेलं काय? तर फक्त एकोणीस. पूर्वी एक विद्यार्थी इथल्या वेलींची नावं पाठ करून दुसऱ्या संस्थेत गेला, तेव्हापासून साहेबांनी कुंड्यांवर आकड्याशिवाय एक अक्षर लिहू दिलं नाही. आकड्यांचा अर्थ वहीत आणि वही साहेबांच्या कपाटात. साहेबांना चोरांची भीती फार. घरच्या माणसांची कुणी धरावी!

आता एका पाहुण्यांचं सांगते. एक मोठे शास्त्रज्ञ आमची प्रयोगशाळा बघायला आले होते. भाची त्यांना फिरवत होती, कॉलमबद्दल, एकतिसाव्या अंशाबद्दल घडाघडा बोलत होती. मी तिथेच उभी, हातात फनेल. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारलं, "आणि या?"

"या इथल्या असिस्टंट," भाची म्हणाली. "बाटल्या वगैरे बघतात."

आणि पुढे गेली. मावशी म्हणाली असती तर जीभ झडली असती का? कॉलम यांनी भरला, एवढे तीन शब्द जड झाले असते का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं माझ्या घरी राहून, माझ्या हातचं खाऊन ही मुलगी माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटत होती. घरी आल्यावर मी काही बोलले नाही. मी बोलले असते तर बरं झालं असतं. रागावलेली मी बोलते, ओरडते, ताटं आपटते. दुखावलेली मी गप्प बसते, आणि तीच वाईट.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. जिन्यात पडून कमरेचं हाड मोडलं होतं. भाचीने रडत रडत पिशवी भरली. माळीकाका दुसऱ्या दिवशी रजेवरून परतणार होते आणि तिची गाडी पहाटेची होती. तिने पिवळ्या कागदावर चिठ्ठी लिहिली. 'काका, १९ नंबरचं कलम उलटं आहे, मुद्दाम केलंय. वरचं रान वाढू द्या, खालचं फुटलं तर खुडा. दुसरं झाड नाही. तुमची पोरगी.' ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, आधी ही दे. बाकी सगळं राहू दे, पण ही दे."

मी ती एप्रनच्या खिशात ठेवली.

पुढे मी सगळ्यांना सांगितलं त्यात बरंच खोटं होतं, म्हणून इथे खरं सांगते. मी विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी काका आले, डोळ्यावर काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली. मी त्यांची विचारपूस केली, त्यांना चहा दिला, आणि चिठ्ठी दिली नाही. झाड मरावं असं माझ्या मनात नव्हतं. काकांच्या हातात झाड मरतच नाही. तिने परत यावं, चार फुटवे चुकीचे खुडलेले बघावेत, थोडी धावपळ व्हावी, आणि माझ्याकडे येऊन विचारावं की मावशी, आता काय करू. एवढंच मला हवं होतं. बाटल्या बघणारीला विचारावं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काकांना दिलीस ना गं चिठ्ठी?"

"हो."

"वाचली त्यांनी?"

"हो गं बाई, हो. आईला कसं आहे?"

हो म्हटलं की फोन लवकर संपतो.

तिचे दोन आठवडे म्हणता म्हणता दहा झाले. बहिणीला उठता येईना. मला रजा नाही, असं मी कळवलं. शेडनेट माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतं. पाचव्या आठवड्यात मी पाणी आणायला गेले तेव्हा एकोणीसच्या सांध्याखालून एक फुटवा निघालेला दिसला, साध्या मिरीचा, रुंद पानाचा. काकांनी तो खुडला नव्हता. काठीला सुतळीने हलकेच बांधला होता. मला लगेच कळलं. काकांना कलम चुकलेलं वाटत होतं आणि ते दुरुस्त करत होते. खालचा फुटवा हातभर झाला की वरचं रान सांध्याखालून छाटून टाकणार. मी तिथे उभी राहिले. खिशात हात घातला, चिठ्ठी बोटांना लागली. काका दुसऱ्या टोकाला नळी लावत होते आणि स्वतःशी गुणगुणत होते. आज कसं द्यायचं? ही चिठ्ठी पाच आठवडे कुठे होती म्हणून विचारतील. काहीतरी कारण जुळवून सोमवारी सांगू, असं मी ठरवलं. सोमवार आला, गेला. पुढच्या सोमवारी सांगू म्हटलं. त्याच्या आदल्या शनिवारी काकांनी छाटणी केली. छाटलेलं त्याच दिवशी जाळायचं, हाही साहेबांचाच नियम, कूज पसरू नये म्हणून. सोमवारी मी गेले तेव्हा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात मूठभर राख होती आणि एकोणीस नंबरच्या कुंडीत साधी मिरवेल टवटवीत उभी होती.

भाची आली ती थेट स्टेशनवरून, पिशवी खांद्याला तशीच. मी तिच्या मागोमाग शेडनेटमध्ये गेले. काका तिची वाटच बघत होते.

"ये, ये पोरी. आई कशी आहे? आधी हे बघ." त्यांनी कुंडी फिरवून दाखवली. "काय वाढलीय बघ! अगं, तू कलम उलटं बांधलं होतंस. रान वर आणि मिरी खाली. नवख्या हाताचं होतं असं. साहेबांनी बघितलं असतं तर तुला फाडून खाल्लं असतं. मी कुणाला कळू दिलं नाही. गुपचूप सुधारून टाकलं."

भाची खाली बसली. तिने सांध्याच्या जागी बोट फिरवलं. तिथे छाटल्याची जखम भरून आली होती, काकांनी वर मेण लावलं होतं, किती निगुतीने.

"वरचं कुठे आहे, काका?"

"जाळलं की."

"सगळं?"

"एक पान ठेवलं नाही. मी काम अर्धवट करतो होय?"

तिच्या तोंडून आवाज आला तो मी अजून ऐकते. मग ती म्हणाली, "चिठ्ठीत लिहिलं होतं ना काका. मावशीने दिलेल्या."

"कसली चिठ्ठी?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य होतं ते. पण माझ्या पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलं की माणूस जवळ जे सापडेल ते पुढे करतं.

"मी दिली होती," मी म्हटलं. "रजेवरून आलात त्याच दिवशी, चहा घेताना. आठवत नाही का काका?"

काकांचा चेहरा बघवत नव्हता. ते आठवू लागले. अगदी मनापासून आठवू लागले. "ताईंनी दिली असेल," ते हळूहळू म्हणाले. "तेव्हा डोळ्यात थेंब घालत होतो, सगळं धूसर. ठेवली असेन कुठेतरी, मग वाचू म्हणून..." आणि ते खिसे चाचपू लागले. सदऱ्याचा खिसा, विजारीचे दोन्ही खिसे, पुन्हा सदऱ्याचा. दहा आठवड्यांपूर्वीची चिठ्ठी ते अंगावरच्या कपड्यांत शोधत होते. भाचीच उठली आणि तिने त्यांचा हात धरला. "राहू द्या काका," म्हणाली. मला वाटलं, आता तरी संपेल.

संपलं नाही, कारण साहेब होते. साहेब कधी आवाज चढवत नाहीत. हळू बोलतात, आणि ते जास्त लागतं. त्यांच्या नावाने निबंध गेला होता आणि आता पदार्थ नाही, झाड नाही. त्यांना स्वतःला अलगद बाहेर काढायचं होतं. त्यांनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं. काकांना उभं ठेवलं, आम्हाला बसायला सांगितलं.

"सहा वर्षांत तुम्ही एकच गोष्ट सिद्ध केलीत," ते भाचीला म्हणाले, "की साधी मिरी चांगली वाढते."

त्यांनी समोरची वही उघडली.

"झाड माळ्याने जाळलं. चिठ्ठी माळ्याने हरवली. पदार्थ मोजण्यात संपला. सगळंच किती सोयीचं आहे! मी तर वहीतले आकडेच बघितले. ते स्फटिक मी कधी डोळ्यांनी पाहिले नाहीत. कुणी पाहिले?"

"मावशीने," भाची म्हणाली. साहेबांसमोर तिने मला मावशी म्हटलं ते पहिल्यांदाच. "कॉलम तिनेच भरला होता, सर. एकतिसावा अंश तिनेच उतरवला. तिच्यासारखा हात इथे कुणाचा नाही. मी वहीत लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही, ती माझी चूक. पण तिने बघितलंय."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. डोळे सुजलेले होते, पण त्यात शंका नव्हती. सहा वर्षं जे ऐकायला माझे कान आसुसले होते ते ती म्हणून मोकळी झाली होती, साहेबांसमोर, मोठ्याने. आणि मला काय वाटलं सांगू? मला राग आला. आता गळ्याशी आलं तेव्हा मावशी. आता माझा हात. आणि त्या रागाच्या खाली भीती होती, की हो म्हटलं तर साहेब पुढचं विचारतील, मग चिठ्ठीवर येतील, मग कुठे दिली, कशी दिली, किती वाजता दिली.

"बोला बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही पाहिलात तो पदार्थ?"

"मला त्यातलं काय कळतं, साहेब," मी म्हटलं. "मी बाटल्या वगैरे बघते."

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. भाची माझ्याकडे बघत राहिली. हे शब्द कुणाचे, ते तिला आठवलं. मग एकेक करत सगळं तिच्या ध्यानात येत गेलं, चिठ्ठीसुद्धा. चेहऱ्यावर दिसत होतं ते. मला वाटलं, आता ती ओरडेल, मला साहेबांसमोर उघडं पाडेल. ती उठली. खुर्ची नीट आत सरकवून बाहेर गेली. मी घरी पोहोचले तेव्हा उजेडाची खोली रिकामी होती, गादीवरची चादर घडी करून ठेवलेली.

साहेबांनी निबंध मागे घेतला आणि तिच्या नावापुढे असा शेरा मारला की दुसरीकडे कुणी तिला घेईना. आता ती एका मसाल्याच्या कारखान्यात आहे. पोत्यांतून साधी मिरी येते, तिचा तिखटपणा किती टक्के आहे, ते ती मोजते. दिवसभर तेच. हे मला बहिणीने कळवलं नाही, बहीण माझ्याशी बोलत नाही, शेजारणीकडून कळलं. जंत अजून मेंढ्यांच्या पोटात आहेत.

काकांना साहेबांनी पुढच्या वर्षी ठेवून घेतलं नाही. तरी ते येतात. रखवालदार जुना ओळखीचा, तो सोडतो आत. आठवड्यातून दोनदा येतात, शेडनेटमध्ये जातात आणि एकेक कुंडी तिरकी करून खाली हात घालून बघतात. खताच्या गोण्या सरकवतात, नळीचं वेटोळं उलगडतात. मी खिडकीतून बघते. एकदा मी त्यांना म्हटलं, काका, जाऊ द्या आता, सापडली तरी काय होणार? तर म्हणाले, "असं कसं ताई? सापडली तर साहेबांना दाखवता येईल. पोरीने लिहिलं होतं, खोटं नव्हती बोलत, एवढं तरी कळेल त्यांना. चूक माझी आहे, ती तिच्या माथी कशाला?"

चिठ्ठी माझ्याकडेच आहे. एप्रन धुवायला टाकताना मी ती काढून ठेवते आणि धुतलेल्या एप्रनच्या खिशात परत घालते. फाडून का टाकत नाही, ते मला सांगता येणार नाही.

काल काका दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या डोळ्यातही आता मोतीबिंदू उतरलाय, पापण्या मिटून मिटून बघतात. हाताला माती लागलेली. आत यायला संकोचत होते, फरशी मळेल म्हणून.

"ताई, एक विचारायचं राहूनच गेलं बघा. कागद कुठल्या रंगाचा होता हो? दिसायला जरा सोपं जाईल."

माझा हात खिशात होता.

"पिवळा," मी म्हटलं.

"पिवळा होय? मग दिसेल की," काका म्हणाले, आणि समाधानाने मान हलवत परत शेडनेटकडे निघाले.